हवालदारांची पंधरा मिनिटं

हवालदारांनी पहिल्याच भेटीत मला चिखलात बसवलं, आणि हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाही. पाटणच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. गॅरेजच्या मागं त्यांनी स्वतः खणलेला एक चर होता. गाडी मावेल एवढा रुंद, गुडघाभर खोल आणि आत काळी माती पाण्यात कालवून ठेवलेली. त्यात त्यांनी मला माझीच गाडी घालायला लावली. गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, मागचं एक चाक गरगर फिरत राहिलं, काचांवर चिखल उडाला आणि गाडी होती तिथंच. काठावर उभ्या हवालदारांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

“इंजन बंद करा, डाक्टर. आता पंधरा मिन्टं बसा.”

“आणि मग?”

“मग बगू.”

आणि ते चहा प्यायला निघून गेले. मला एक कप विचारायचं सौजन्यही त्यांनी दाखवलं नाही. मी काच खाली करून बसलो. पाचव्या मिनिटाला मला त्यांचा राग आला, दहाव्या मिनिटाला स्वतःचा आणि त्यानंतर, कारण नसताना, भीती वाटायला लागली. दार उघडलं तर पाय चिखलात, नाही उघडलं तर तिथंच. पंधरा मिनिटांनी ते परत आले आणि त्यांनी विचारलं, “काय वाटलं?”

“इथून कधी निघतो असं वाटलं.”

“हां. मग बसवूया लॉक.”

हा त्यांचा नेम होता. गाडीच्या मागच्या चाकांना लॉक बसवायचा असेल तर मालकानं आधी स्वतः स्टिअरिंगवर बसून अडकायचं आणि पंधरा मिनिटं अडकून राहायचं. ड्रायव्हर पाठवलेला चालायचा नाही. काम झाल्यावर तीच गाडी त्याच चरात घालायची, हवालदार शेजारी बसणार, मालकानं बटण दाबायचं आणि बाहेर यायचं. त्याशिवाय गाडी ताब्यात मिळत नसे. सांगलीकडचा एक ठेकेदार एकदा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला होता. “मी नाही बसणार असल्या घाणीत,” म्हणाला. हवालदार म्हणाले, “मग तुमाला लॉक नगं, रस्ता पायजे. त्यो आमी करत न्हाई.” ठेकेदाराचा धंदा रस्त्यांचाच होता, त्यामुळं त्याला ते फार लागलं. आठवड्यानं तो जुनी पँट घालून आला आणि मुकाट्यानं चरात बसला.

मी जनावरांचा डॉक्टर. जन्म सांगलीतला. सांगलीत वाढलेल्या माणसाला चढ म्हणजे नदीवरचा पूल, त्यापलीकडं त्याची कल्पना जात नाही. चाळिशीत बदली होऊन पाटणला आलो तेव्हा माझ्या वाट्याला डोंगरावरच्या वाड्या आल्या. एका वाडीच्या वाटेवर माझी गाडी रुतली आणि मी पोचेपर्यंत अडलेली म्हैस मेली. म्हशीच्या मालकानं मला पाणी दिलं. त्याच आठवड्यात मी हवालदारांचं गॅरेज शोधत गेलो. गाडी तर चारही चाकांना ताकद देणारी होती, मग अडकलीच कशी, हे मला समजून घ्यायचं होतं.

हवालदारांनी ते असं समजावलं. “पंगतीत दोघं शेजारी बसल्यात. वाढपी आसा, की जो गपागपा ताट रिकामं करंल त्याच्याच ताटात पुन्हा वाढतोय. दुसरा मांडी घालून, पाय रवून बसलाय. त्याला घास न्हाई. तुमच्या मागच्या दोन चाकांच्या मधी त्यो वाढपी हाय. चिखलातलं मोकळं चाक सगळी ताकद खातंय आन् दगडावरचं घट्ट चाक उपाशी. लॉक म्हंजे वाढप्याचा हात धरायचा. दोगांना सारखं.”

“मग कायमच धरून ठेवू की.”

“आन् वळणार कसं? वळताना भायेरच्या चाकाला जादा पळावं लागतंय. डांबरावर लॉक ठिवून वळलासा तर शाफ्ट मोडतोय. अडकल्यावर लावायचा, निघालं की काढायचा. दुसरंच लोकांना जमत न्हाई.”

फौजेत बावीस वर्षं ते गाड्याच दुरुस्त करत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावानं त्यांचं खरं नाव बाजूला ठेवून हुद्दाच नाव करून टाकला. रोज दाढी घोटलेली, खाकी शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, जमिनीवर हिरवी ताडपत्री आणि तिच्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत. एखादा पाना जागेवर नसेल तर काम थांबायचं. लॉक बसवायला दुसरीकडं एक दिवस लागतो म्हणतात. हे चार दिवस घ्यायचे, त्यातले दोन नुसते चक्रांच्या दात्यांसाठी. धुऱ्याच्या मधला डबा उघडून आत लॉकचं यंत्र बसवलं, की दात्यांना पिवळा रंग लावायचा, चक्र हातानं फिरवायचं आणि दातावर दात कुठं टेकला त्याचा ठसा बघायचा. केसभर पुढंमागं असलं की पुन्हा सगळं उघडायचं. मग इंजिनापाशी हवेचा छोटा पंप, तिथून गाडीच्या पोटाखालून मागच्या धुऱ्यापर्यंत बोटाएवढी निळी नळी आणि समोर एक बटण. बटण दाबलं की हवा जाते, आत खट् असा आवाज येतो आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. तो खट् त्यांना फार आवडायचा. गिऱ्हाइकाला ते बजावून सांगत, “दर पंधरा दिसांनी एकदा बटण दाबायचं. आवाज ऐकायचा. उंदीर लय वाईट जात, नळी खातोय.”

चिडले की ते हिंदीत जायचे. “आराम से,” असं फार हळू म्हणाले की समजायचं, आता समोरच्याची धडगत नाही. त्यांचं आवडतं वाक्य मात्र मराठीच होतं. “अडकणं पाप न्हाई. अडकल्यावर रेस करणं पाप.” हे ते रुतलेल्या गाडीचं इंजिन पिळत राहणाऱ्यांना म्हणत. मी ते माझ्या वरिष्ठांना, बायकोला आणि एकदा आरशात स्वतःला म्हणून पाहिलं. सगळीकडं लागू पडलं.

आसपास कुणाची गाडी रुतली की ते आपली ओढायची जीप घेऊन निघायचे आणि ती काढूनच परत यायचे. पाऊस असो, ऊन असो, जेवणवेळ टळो, अडकलेली गाडी सोडून घरी आले असं कधी झालं नाही. अपवाद एकच. गॅरेजच्या समोरच जो डोंगर दिसतो त्याच्या माथ्यावर वरची वाडी आहे. तिथल्या वाटेवर कुणी अडकलं तर ते जीपची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः पाने पुसत बसायचे.

वरची वाडी हे त्यांच्या बायकोचं माहेर.

कमलवहिनी गॅरेजच्या वरच्या खोलीत असायच्या. संधिवातानं त्यांचे गुडघे गेले होते. खिडकीपाशी लोखंडी खाट, हाताशी काठी. काही हवं असलं की त्या काठीनं फरशी ठोकायच्या आणि खाली हवालदार पाना जागेवर ठेवून जिना चढायचे. खिडकीतून डोंगर दिसायचा, डोंगरावरचं एक फणसाचं झाड दिसायचं. वाडीत मोबाइलला रेंज फक्त त्या फणसाखाली. वहिनींची आई नव्वदीच्या पुढची, रोज चार वाजता कुणाचा तरी हात धरून फणसापर्यंत यायची आणि मायलेकी बोलायच्या. एक खिडकीत, एक फणसाखाली. मध्ये तासाभराची वाट. पाय होते तोवर वहिनी चालत वर जायच्या. पाय गेले तशा त्या खाटेवर अडकल्या, आणि त्यांच्यापायी हवालदार गॅरेजात. अकरा वर्षांत मी त्यांना कराडच्या पुढं गेलेलं पाहिलं नाही. लेह-लडाखला निघालेल्या पोरांच्या गाड्यांना लॉक बसवून द्यायचे आणि त्या वळणाआड गेल्या की ताडपत्री झटकायचे.

वहिनींना वर न्यायला म्हणून त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. नोंदणी वहिनींच्या नावावर. चार दिवसांचं काम तिच्यावर दोन महिने चाललं. दातांवरचा ठसा त्यांनी मला मुद्दाम दाखवायला बोलावलं होतं, इतका तो मधोमध आला होता. पण गाडी तयार होऊन दोन वर्षं झाली तरी ती गॅरेजच्या कोपऱ्यात झाकूनच. नेहमी काहीतरी राहिलेलं असायचं. आधी टायर, मग पाऊस. मग म्हणाले, “चरात टेस्ट व्हायला पायजे. मालकानं चालवायचं आसा आपला नेम. मालकिणीला चालवता येत न्हाई. आता काय करायचं?”

नेम बायकोच्या आड येतो असा नवरा मी पहिल्यांदाच बघत होतो. मी थट्टा केली.  रॉकेलमध्ये हात धुता धुता, माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं.

“रजेवर आलतो. ही माहेरी, दिवस भरल्यालं. दुखाय लागलं तवा गावातली जीप मागून वर नेली. खाली येताना वड्याच्या वळणावर रुतली. एक चाक फिरतंय आन् एक दगडावर नुस्तं उभं. दोन तास मी त्या चाकापाशी. दगड घातलं, फांद्या घातल्या, आंगातला सदरा घातला. पोर ग्येलं. पोरगा हुता.”

पुढं मूल झालं नाही.  ते हात पुसत म्हणाले, “दगडावरच्या चाकात ताकद हुती, डाक्टर. ती त्याला कुनी दिलीच न्हाई.” त्यांच्या चराचा अर्थ मला त्या दिवशी कळला आणि त्यांच्या पंधरा मिनिटांवर केलेल्या माझ्या सगळ्या विनोदांची लाज वाटली.

वहिनी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त एकदा, मी वर चहाला बसलो असताना त्यांनी विचारलं, “डाक्टर, म्हशीला कळतं का वो, पोटातलं गेल्यालं?”

“कळतं बहुतेक,” मी म्हणालो. “कळ येत असते, पण गप्प होतात.”

“व्हय,” असं म्हणून त्यांनी मला आणखी एक लाडू वाढला.

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीला म्हातारीचे फोन थांबले. ती अंथरुणाला खिळली नव्हती, पण घराबाहेर पडणं संपलं होतं. वहिनी चार वाजता फोन हातात धरून बसायच्या. मी गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, “आय आता फणसापतुर येत न्हाई.” हवालदार दारात उभे होते. ते खाली गेले आणि झाकलेल्या गाडीवरची धूळ पुसून पुन्हा झाकून आले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी हळू. “डाक्टर, आराम से, पन जरा या. ही गाडीत बसलीया. उतरंना.”

मी गेलो. वहिनी जिना बसत बसत, एकेक पायरी सरकत उतरल्या होत्या. गाडीवरचं कापड त्यांनी काठीनं ओढून काढलं होतं आणि पुढच्या सीटवर, लुगड्याचा पदर घट्ट खोचून, मांडीवर शिदोरीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “तुमीच सांगा यांना. मालकीण गाडीत बसलीया. दोन वर्सं अडकलीया. पंधरा मिन्टं कवाच झाली.”

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. “टेस्ट झाली न्हाई,” ते म्हणाले.

“मग वाटेतच करा,” मी म्हणालो. “मी मागं बसतो.”

त्यांनी ताडपत्रीवरचे पाने पिशवीत भरले. मग हत्यारांची पिशवी मागं माझ्या पायापाशी ठेवली आणि स्टिअरिंगवर बसले.

परतीचा पाऊस नुकताच येऊन गेला होता. डांबर सुटलं तशी लाल वाट लागली. हवालदार फार सुरेख चालवत होते, चाकाखालचा प्रत्येक दगड ओळखीचा असल्यासारखे. वहिनी काच उघडून एकेक गोष्ट सांगत होत्या, इथं करवंदं, इथं बाबांची गाय पडलेली. मग ओढ्याचं वळण आलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. गाडी पाण्यातून निघाली, चढाला लागली आणि डाव्या बाजूला घसरून बसली. डावं चाक चिखलात फिरलं. उजवं दगडावर उभं.

तीच जागा होती का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या मानेकडं बघूनच कळत होतं.

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, पंप घुरघुरला, पण खट् आला नाही. पुन्हा दाबलं. पंप नुसताच चालत राहिला. हवालदार खाली उतरले, गाडीखाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात निळ्या नळीचा तुकडा होता. दोन वर्षं झाकलेल्या गाडीची नळी उंदरानं कुरतडली होती. जगाला दर पंधरा दिवसांनी आवाज ऐकायला सांगणाऱ्या माणसानं आपल्या गाडीचं बटण दोन वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. ते परत सीटवर बसले आणि त्यांनी चक्क रेस केली. चाक किंचाळलं, वास सुटला. जे पाप ते इतरांना करू देत नसत ते त्यांनी दोनदा केलं.

वहिनींनी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

“बसा आता,” त्या म्हणाल्या. “तुमचाच नेम हाय.”

आम्ही बसलो. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. मला उतरून कुठंतरी जायचं होतं, पण दाराबाहेर चिखल आणि आत हे दोघं. पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग वहिनी समोर बघत बोलल्या, अगदी रोजच्या आवाजात.

“पोर हितं ग्येलं न्हाई. घरातनं निघायच्या आदीच हलायचं थांबलं हुतं. मला कळलं हुतं. आयला बी कळलं हुतं.”

हवालदारांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

“तुमी जीप आनली, घामाघूम. मी कसं सांगू? मग म्हनलं, खाली गेल्यावर सांगीन. तवर तुमी चाकच धरून बसलासा. आन् मग जल्मभर चाकच. मला वाटलं, काय तरी दुरुस्त करत्यात, करू द्या. माजं चुकलं.”

“आदी सांगायचं हुतंस,” हवालदार म्हणाले.  “मी वड्यात… मी दोन तास…”

“व्हय. तुमी दोन तास चाकापाशी. मी आत एकली.”

मी मागच्या सीटवर बसून माझ्या बुटांकडं बघत होतो. एवढी वर्षं हा माणूस इतरांना अडकलेल्यातून काढत होता आणि त्याच्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर, ही बाई तिथंच बसून होती. मला त्या दोघांबद्दल सारखंच वाईट वाटलं.

चाकाचा आवाज वर ऐकू गेला होता आणि गाडीत वहिनी बसलेल्या वरून दिसल्या होत्या. वाडीतली चार माणसं उतरत आली. वहिनींच्या भावाचा मुलगा पुढं, मागच्या तिघांकडं दोन बांबू आणि त्यांना बांधलेली प्लास्टिकची खुर्ची. आजारी माणूस उतरवायला ते हीच खुर्ची वापरतात. “आत्ती, आजी दारात बसलीया,” तो म्हणाला. त्यांनी वहिनींना अलगद उचलून खुर्चीत बसवलं.

हवालदार मात्र पिशवी उघडून बसले होते. त्यांना नळीचा जोड सापडला होता, पितळेचा, नखाएवढा. दहा मिनिटांचं काम. नळी जोडली की खट् येणार, दोन्ही चाकं एकदम फिरणार आणि गाडी त्या वळणावरून वर जाणार.  ते गाडीखाली शिरायला वाकले.

“आवं,” वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. “तवा तुमी चाकापाशी हुता. आता माझ्यासंगं चला.”

ते वाकलेलेच राहिले. मग उठले. तो जोड त्यांनी माझ्या हातात दिला, कसा बसवायचा ते सांगितलंही नाही. उचलताना वहिनींच्या चपला चिखलात पडल्या होत्या, त्या उचलल्या, ओढ्यात धुतल्या आणि ते खुर्चीच्या मागं चालू लागले.

दोघं वाडीतच राहिले आणि पुढच्याच महिन्यात माझी बदली परत सांगलीला झाली, त्यामुळं हवालदार मला शेवटचे दिसले ते असे, पाठमोरे. चढ उभा होता. खुर्ची डाव्या बाजूला कलायला लागली तसे ते पुढं झाले, चपला काखेत धरल्या आणि त्या बाजूच्या माणसाच्या हातातला बांबू आपल्या खांद्यावर घेतला. वहिनी मान वळवून त्यांना काहीतरी सांगत होत्या. वळणाशी ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता गाडीकडं बघतील. त्यांनी फक्त बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि ते वर गेले.